उत्तर आलं नाही तर होकार समजेन

ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात एका पत्राने आठ महिने मुक्काम ठोकला होता. सरकारी शाळेतल्या त्या एका खोलीच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षे काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि प्रत्येक कागदाला उत्तर धाडले. शिक्का या पत्रावरही होता. उत्तर तेवढे गेले नव्हते.

पत्र कपड्यांच्या कारखान्यातल्या एका बाईचे होते. शर्टांना कॉलर बसवायचे तिचे काम, म्हणून सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. तिने लिहिले होते: "कारखान्यानं पाळी आठऐवजी सहाला केली. तीनदा उशीर झाला की काम जातं. शाळा उघडते आठला. घरात दुसरं मोठं माणूस नाही. तुम्ही साडेपाचलाच येऊन वाचत बसता असं ऐकलं. मुलीला तुमच्या खोलीत बसू द्याल का? शाळेच्या वेळात मी मशीनवर असते, म्हणून टपालानं विचारते. नाही म्हणायचं असेल तर कळवा. उत्तर आलं नाही तर होकार समजेन."

नियमात बसत नव्हते, म्हणजे नाही म्हणणे भाग होते. ग्रंथपाल त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले आणि मायन्यापाशी अडले. 'महोदया' फार ताठ वाटले, 'ताई' फार सलगीचे. 'कळवण्यास खेद होतो' यात खेद पुरेसा होतो आहे का, याचीही त्यांना खात्री वाटेना. चार दिवसांत सहा मसुदे झाले. पाचव्या दिवशी पावणेसहाला दारात एक मुलगी उभी. दोन्ही गालांत काहीतरी कोंबलेले, खारूताईसारखे.

"आई म्हणाली, नाही म्हणायचं असतं तर काकांनी कळवलं असतं."

आता या पोरीला काय सांगणार? ग्रंथपालांनी खुर्ची पुढे सरकवली.

त्या आठवड्यात खारूताईबरोबर आणखी दोघी आल्या. बाह्या शिवणारीच्या, काज करणारीच्या. महिन्याभरात अकरा झाल्या, मग मुलगेही आले. ग्रंथपाल रोज ठरवत, उद्या सांगून टाकू. पण एवढ्या लोकांना नाही सांगायचे म्हणजे एवढे मायने. तोवर रात्रपाळी संपवून निघालेल्या बायकांनी आपसांत वार वाटून घेतले. रोज एक जण घरी जाण्याआधी तासभर थांबे, वेण्या घाली, बटणे टाके. डोळ्यांवर झोप, पण हात चुकत नसे. ग्रंथपाल पुस्तकाआडून पाहत आणि मनात म्हणत, आपण चौतीस वर्षांत एवढे काम केले असेल का? आठला मुख्याध्यापिका येत तेव्हा सतरंज्या गुंडाळलेल्या असत.

नोंदवहीत यातले काही नव्हते. जे नियमात नाही ते लिहायचे कसे? त्यामुळे खोली जसजशी भरत गेली, तसतशी वही कोरी दिसू लागली. आणि नेमका वरून हुकूम निघाला: जी खोली वापरात नाही, तिचे अनुदान बंद.

तपासनीस आले तेही पहाटेच. खर्चात कपात म्हणून त्या मार्गावर आता एकच बस उरली होती आणि ती सहाला पोहोचत असे. ग्रंथपाल घागर भरायला मागे गेले होते. वेण्या घालणाऱ्या बाईने दारातल्या माणसाकडे मान वर करून पाहिलेही नाही.

"कुणाचे बाबा तुम्ही?"

"कुणाचाच नाही. मी..."

"मग असं करा, त्या चौघांचे पाढे घ्या. सतराला अडतात."

ग्रंथपाल परतले तेव्हा तपासनीस सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि सतराला तेही अडले होते.

"एकेचाळीस मुलं आहेत इथं," वही उलटत ते म्हणाले. "आणि वहीत महिन्याला तीन पुस्तकं. कुणाच्या परवानगीनं बसतात ही?"

ग्रंथपालांनी खणातले पत्र पुढे केले.

"हा झाला अर्ज. उत्तर कुठंय?"

"मसुदे आहेत," म्हणत ग्रंथपालांनी गठ्ठा काढला. एकोणीस होते.

तपासनिसांनी शांतपणे सगळे वाचले. "या एकोणिसांत तुम्ही नाहीच म्हणताय."

"हो."

"मग?"

"एकही टाकला नाही. मायना जमला नाही."

बाईची वेणी अर्ध्यावर थांबली. तपासनिसांनी चष्मा पुसला. "म्हणजे पालकाचा अर्ज आहे, आवक क्रमांक आहे, निर्णय नाही. असा अर्ज पडून असताना खोली बंद करता येत नाही. साहेब, तुम्ही वेळेवर उत्तर दिलं असतंत तर आज कुलूप लागलं असतं."

आपल्या दिरंगाईचे कौतुक ग्रंथपालांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यांना खाली बघावे की वर, कळेना.

"पण आता उत्तर टाका," तपासनीस उठताना म्हणाले. "आठवड्याच्या आत. 'नाही' असं गेलं तर खोली बंद. 'हो' असं गेलं तर ही वेळ वहीत चढेल. सही तुमची, जबाबदारी तुमची."

सहा दिवस ग्रंथपाल मायना शोधत होते. सातव्या दिवशी पावणेसहाला कॉलरवाली दारात मुलीची पिशवी देत होती.

"ताई, ते उत्तर... काय लिहू?"

"मी विचारलं काय होतं काका? बसू द्याल का. तुम्ही काय म्हणता?"

"बसू दे."

"झालं की. एवढ्याला आठ महिने? एवढ्या वेळात मी एका गावाच्या कॉलरी बसवते." भोंगा वाजला तशी ती पळाली. रस्त्याच्या टोकाला पोहोचून ओरडली, "आणि तिकीट लावा हं."

ग्रंथपालांनी तिथेच, उभ्याउभ्या लिहिले: 'मुलीला पाठवत जावे. इतरांनाही सांगावे. उशिराबद्दल क्षमस्व.' सही केली, तिकीट लावले. मुलांवर नजर ठेवायला त्या वाराची बाई होतीच. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जाऊन त्यांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडले.

ते आत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना आठवले की मायना घालायचा राहिलाच. त्यांनी फटीत बोटे घालून पाहिली. पोहोचली नाहीत, ते बरेच झाले.