ओळख दाखवायची नाही

स्वयंपाकघरातलं सिंक सकाळपासून तुंबलं होतं. बेल वाजली तशा बाई सुटकेचा निःश्वास टाकून दाराकडे धावल्या, दार उघडलं आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली. दारातला प्लंबर म्हणजे त्यांचा मंगळवारचा पेशंट होता.

बाई मानसतज्ज्ञ. मायदेशी नावारूपाला आलेली प्रॅक्टिस सोडून इथे आल्या, तर इथल्या लोकांनी त्यांना श्रीगणेशापासून परीक्षा द्यायला लावल्या. त्यातला एक नियम त्यांच्या हाडीमांसी खिळला होता : दवाखान्याबाहेर पेशंट भेटला, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तिकडे असं वागल्या असत्या, तर बाईंना शिंगं फुटली म्हणून चर्चा झाली असती. इथे ओळख दाखवली की परवाना जायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी हे प्लंबरला समजावलं होतं आणि तो मोठा गुणी निघाला.

"सिंक कुठंय?" त्यानं परक्यासारखं विचारलं.

"तिकडे," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"अगं, घरी आलेल्या माणसाशी जरा नीट बोल की!" आतून नवरा आला. "बसा हो, बसा. चहा घेणार ना?"

प्लंबरचं दुखणं नेमकं हेच होतं. कोणी बोलायला लागलं की त्याला उठताच यायचं नाही. एखाद्या म्हातारीचे गुडघे ऐकता ऐकता त्याची दुपार जायची, तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरात घोटाभर पाणी साचायचं. धंदा बसायची वेळ आली होती. कित्येक महिने खपून बाईंनी त्याला उभं राहून 'मला निघायला हवं' म्हणायला शिकवलं होतं. आत्ता कुठे ते जमायला लागलं होतं.

नवऱ्याच्या चहापुढे मात्र ती सगळी शिकवणी वाहून गेली. नवऱ्याचाही दोष नव्हता. बायकोपायी चांगली बँकेतली नोकरी सोडून आलेला माणूस. इथे ना काम, ना मित्र, भाषाही मोडकीतोडकी. बायको दिवसभर लोकांची दुःखं ऐकून घरी यायची आणि त्याचं वाक्य संपायच्या आत सोफ्यावर पेंगायची. आता समोर एक माणूस बसला होता आणि तो उठत नव्हता! बाई दवाखान्यात जाऊन संध्याकाळी परतल्या, तेव्हाही प्लंबर पान्हा मांडीवर घेऊन तिथेच होता.

पुढच्या मंगळवारी तो खुर्चीत बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "एक नवं गिऱ्हाईक मिळालंय. सिंक झालं, मग बाथरूमचा नळ झाला. काल गिझरला बोलावलं. गिझरला काही झालेलंच नाही हो! नुसता बोलत बसतो."

"काय बोलतो?" बाईंच्या तोंडून निसटलं. खरं तर 'तेव्हा तुम्हाला काय वाटतं' असं विचारायचं असतं.

"बायकोबद्दल. म्हणतो, ती सगळ्या जगाचं ऐकते, माझंच तेवढं राहतं. एकट्यानंच परत जावं म्हणतोय. तिकिटं बघतोय."

नवरा तिकिटं बघतोय, हे त्यांना आत्ता, पेशंटकडून, कळत होतं. आणि पेशंटनं सांगितलेलं घरी बोलायची सोय नव्हती.

"त्याची बायको... कशी आहे?"

"वाईट नाहीये," प्लंबर अजूनही छताकडेच बघत होता. "दमलेली दिसते बिचारी."

बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

"मग मी काय करू, मॅडम? पुढच्या वेळी उठू का?"

पेशंटचं भलं त्याच्या उठण्यात होतं आणि संसाराचं त्याच्या बसण्यात. 'बसा हो, त्याला तुमच्याशिवाय कोणी नाही,' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"उठा," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी नवऱ्यापाशी विषय काढून पाहिला. "तुला काही बोलायचंय का रे?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"तू दमलीयस. झोप," तो म्हणाला आणि बाईंना खरोखरच झोप लागली.

त्याच्या पुढच्या मंगळवारी प्लंबर हसत हसतच आत आला. "उठलो मॅडम! त्याचं वाक्य अर्धं होतं, तसाच उठलो. म्हटलं, मला निघायला हवं. हे सगळं नीट ऐकून घेणाऱ्या एक बाई आहेत, मीसुद्धा त्यांच्याकडेच जातो. तुमचं नाव सांगितलं."

"माझं नाव सांगितलंत?"

"मग? ओळख तुम्ही दाखवायची नाही. मी दाखवली तर चालते ना?"

चालत होती. नियमच तसा होता आणि बाईंनीच तो शिकवला होता.

"तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. पहिल्यांदाच गप्प बसला."

त्या दिवशीच्या शेवटच्या वेळेला नवीन पेशंट होता. बाईंनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, पेशंटच्या खुर्चीत नवरा बसला होता.

"अरे, घरच्या माणसाला तपासता येत नाही मला."

"माहितीये. बाहेर वेळा नोंदवणाऱ्या मुलीनंही सांगितलं. पण तासभर ही वेळ माझ्या नावावर आहे. तोवर दुसरं कोणी आत येणार नाही ना?"

"नाही."

बाईंनी फोन बंद केला आणि टेबलामागे न जाता त्याच्या शेजारी येऊन बसल्या. "बोल."

त्यानं तोंड उघडलं, बायकोकडे नीट पाहिलं आणि परत मिटलं. "राहू दे. आधी तू बोल. फार दमतेस का गं?"

बाईंचे डोळे भरून आले. त्या बोलायला लागल्या. परीक्षांपासून, परवान्यापासून, भिंतीकडे बघून ज्यांच्याशी बोलावं लागतं त्या माणसांपासून. बाहेरच्या मुलीनं दिवे मालवायला म्हणून दार ठोठावलं, तेव्हाही त्या बोलतच होत्या. नवऱ्याला एक अक्षर बोलायला मिळालं नव्हतं.

जाताना त्यानं त्या मुलीकडून पुढच्या मंगळवारची शेवटची वेळ घेतली, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारचीही.