झेंडूचे व्याही

नवीन ओळख झाली की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, मुलुंडमध्ये असाल तर पूर्व की पश्चिम तेही विचारतात. परुळेकरकाकांनी मला विचारलं, "घरात ऊन किती तास येतं?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. स्टेशनबाहेर फुलवालीशी झेंडूच्या भावावरून माझी घासाघीस चालली होती आणि हा प्रश्न मागून आला. वळून बघते तर सत्तरीचे एक गृहस्थ, हातात कापडी पिशवी, डोक्याला चोपून तेल. दुसरी कुणी असती तर सरळ चालायला लागली असती. मी मुकाट्याने खरं उत्तर दिलं. "गॅलरीत सहा तास. बारानंतर."

"सहा? मग विकत कसले घेतेस गो?"

पहिल्याच भेटीत एकेरी. माझा पत्ता त्यांनी माझ्याकडून कसा काढून घेतला, ते मला आजही सांगता येणार नाही. पंधरा दिवसांनी ते दारात हजर. दह्याचे दोन रिकामे डबे, एकेकात चार पानांचं रोप. "ही तुझी," म्हणाले. मी थँक्यू म्हटलं आणि मला वाटलं, विषय मिटला.

पुढच्या रविवारी चार वाजता बेल वाजली. त्याच्या पुढच्या रविवारीही. आठवडाभर ऑफिसात मान मोडल्यावर रविवारची दुपार ही माझी हक्काची झोप. बेल वाजली की माझा नवरा शिरीष डोळेही न उघडता म्हणायचा, "ऊठ, तुझे व्याही आले."

चेष्टा होती, पण चुकीची नव्हती. लेक सासरी नीट नांदतेय ना, हे बघायला बाप यावा तसेच ते यायचे. दारात "सहज आलो होतो" म्हणायचे, चपला काढायचे आणि थेट गॅलरीत. आम्ही कसे आहोत, कुणाला ताप आहे का, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. कुंडीतल्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "पाणी जास्त झालां." पुढच्या वेळी, "पाणी कमी पडलां." बरोबर पाणी आमच्या घरात एकदाच पडलं, आणि ते कामवाल्या मावशींनी घातलं होतं, असं त्यांनी चौकशी करून शोधून काढलं.

नोव्हेंबरात पहिली कळी आली. शेंगदाण्याएवढी. मी तिचा फोटोसुद्धा बहिणीला पाठवला होता. काका आले, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन बोटांनी कळीसकट शेंडा खुडून टाकला.

"अहो काका, काय करताय?"

"आता बाजूनं फांद्या फुटतील. एकाच्या जागी दहा येतील. घाई करू नये." खुडलेली कळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि चहा मागितला. साखर कमी.

आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, देसाईबाईंकडेही त्यांची रोपं होती. पण देसाईबाई हुशार. आपण दर रविवारी लेकीकडे जातो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी काकांना सांगून टाकलं. मला हे सुचलं नाही.

डिसेंबरात आम्ही लग्नाला म्हणून पाच दिवस नाशिकला गेलो. परत येऊन बघतो तर दोन्ही रोपांचा पार पाचोळा झालेला. दिवस शनिवार. उद्या चार वाजता काय होणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, घरचे हप्ते फेडते, ऑफिसात सहा जणांवर ओरडते, आणि दोन झेंडूंपायी माझी अशी वाट लागलेली. शेवटी रविवारी सकाळी नर्सरीतून तेवढ्याच उंचीची दोन रोपं आणून त्याच कुंडीत लावली. वरची माती हाताने जुनी दिसेलशी केली. शिरीष म्हणाला, "अगं, तू खून पचवते आहेस."

पचला नाही. काका चार वाजता आले, कुंडीसमोर उभे राहिले. बोट खुपसलंच नाही. एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि शांतपणे म्हणाले, "ही आपली नाहीत." चहा न घेता गेले.

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून घरी येते, तर दारात काका. दह्याचे दोन डबे, चार-चार पानं. मी पर्स अजून खांद्यावरून उतरवली नव्हती आणि त्यांनी पाणी कधी, किती, कुठून घालायचं हे सुरुवातीपासून सांगायला घेतलं. माझा तोल गेला.

"काका, एवढं आहे तर स्वतःच्याच खिडकीत लावा ना झेंडू. लोकांच्या घरी कशाला खेटे घालता?"

 काकांनी डबे चपलांच्या कपाटावर ठेवले. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि लिफ्टची वाटही न बघता जिना उतरून गेले.

त्या रविवारी मी सहापर्यंत झोपले. झकास वाटलं. पुढच्या रविवारीही. महिन्याभराने शिरीष म्हणाला, "व्याही रुसले वाटतं," तर मी त्याच्यावरच खेकसले. काकांची रोपं मात्र मी जगवली. शेंडे स्वतःच्या हाताने खुडले, वेळेवर पाणी घातलं, आणि फेब्रुवारीत दोन्ही अशी फुलली की कुंडी दिसेना. बहिणीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. हे ज्याला दाखवावं असा एकच माणूस होता आणि त्याला मी दारातून घालवला होता. मला लाज वाटत होती, हे उगाच कशाला लपवू?

देसाईबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही येत नाहीत गं. परवा बाजारात दिसले. म्हणाले, लोकांना त्रास होतो, आता कुठे जात नाही." पत्ता त्यांच्याकडेच मिळाला.

शनिवारी भर दुपारी गेले. जुनी तीन मजली इमारत, काका पहिल्या मजल्यावर. दार उघडलं तर आत ट्यूबलाइट चालू. मला वाटलं पडदे लावलेत. पडदे नव्हतेच. खिडकीबाहेर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ नव्या टॉवरच्या पार्किंगची भिंत उभी होती, वर बघावं तर वरपर्यंत भिंतच. लग्न काकांनी केलं नव्हतं. एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकीच्या कट्ट्यावर दह्याच्या डब्यांची रांग. सगळी रोपं उजेडाच्या एकाच फटीकडे वाकलेली. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने नावं. जोशी, चार तास. फर्नांडिस, गच्ची.

"पूर्वी ह्याच ग्रीलमध्ये असायचे," काका म्हणाले. "दसऱ्याला अख्ख्या बिल्डिंगला पुरायचे. आता चार पानं येतात. पुढे नुसते लांब होतात, फूल नाय धरत. म्हणून मग देतो कुणाकुणाला."

"काका, मला सांगायचं ना हे."

"सांगून काय? तू भिंत पाडणार होतीस?"

माफी मागायला म्हणून आले होते. तोंडातून निघालं ते भलतंच. "काका, तुमचे फुललेत." आणि मी फोन काढला.

त्यांनी हात आडवा धरला. "फोटो नको." मग, माझ्याकडे न बघता, "किती आहेत?"

"या आणि मोजा."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट, भांग ओला. रस्ताभर मला ओरडा खावा लागला, कारण पाणी मी पानांवर घालते हे मीच कबूल केलं.

गॅलरीत आल्यावर मात्र त्यांनी मातीत बोट खुपसलं नाही. मोजलेही नाहीत. फुलांना हात लावला, एकेकाला, आणि म्हणाले, "जरा बसू इथे?"

मी खुर्ची आणून दिली. ते कुंडीशेजारी बसले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या, चष्मा खिशात ठेवला आणि डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं. चहा निवून गेला. ऊन सरकलं तशी ते खुर्ची सरकवत होते, थोडी थोडी, आवाज न करता. शिरीष आतून हळूच म्हणाला, "आज व्याही मुक्कामाला आहेत का?"  दोरीवर वाळत घातलेल्या चादरीची सावली त्यांच्या तोंडावर येऊ लागली होती. ती ओलीच काढून मी आत नेली.