चौथ्या सफरीतले खूर

बाइंडरकाकांची सून परीक्षेला बसून अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात घोड्यांचे डॉक्टर काकांच्या दुकानात आले आणि त्यांनी एक जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं.

"काका, हे तुम्हीच बांधून दिलंत ना? खुरांचे रोग बघायला उघडलं, तर घोडा माणसाला राज्यकारभार शिकवतोय!"

काकांनी चार पानं उलटली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काल्पनिक देशांच्या सफरींची जुनी कादंबरी सुनेला अभ्यासाला होती. पानं सुटली म्हणून काकांनीच ती हौसेने कापडी पुठ्ठ्यात बांधून दिली होती. त्याच दिवशी डॉक्टरांचं पुस्तकही टेबलावर सुटं पडलेलं. दोन्हीकडे घोडेच! घोड्यांच्या देशाची चौथी सफर डॉक्टरांकडे गेली आणि सून दोन महिने खुरांचे रोग घोकत बसली.

तिची ही तिसरी आणि शेवटची संधी. पास झाली तर शाळेतली नोकरी कायम, नाहीतर घरी. भांडी घासताना ती पाठ म्हणायची, "खूर आतून कुजतो, तरी घोडा चालत राहतो." काका कौतुकाने मान डोलवायचे, "काय लिहून गेलेत गं हे मोठे लोक!"

काका अनवाणीच धावले. परीक्षा केंद्राच्या फाटकावर वॉचमनने अडवलं.

"आजोबा, आत नाही जाता येणार."

"अहो, तिला एवढंच सांगा, घोडे बोलतात म्हणावं!"

वॉचमनने त्यांना हळूच खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

सून बाहेर आली ती हसतच. "बाबा, चौथी सफरच आली! नऊ पानं लिहिली. पोटदुखीचा भाग तेवढा राहिला, वेळच संपली."

पुढचा महिनाभर काका रोज खरं सांगायचं ठरवत, आणि रोज ते शब्द घासाबरोबर गिळत. आपल्या हातांनी पोरीचं वाटोळं केलं, या विचाराने त्यांच्या अंगावरचं मांस उतरलं.

निकाल लागला. सून वर्गात पहिली! काकांनी घाबरतच विचारलं,

"पेपर तपासला कुणी?"

"आमच्या वर्गाच्या सरांनीच. त्यांची प्रत हरवली होती, म्हणून शिकवायला माझंच पुस्तक नेलं होतं त्यांनी; वर्गात दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच. खूर म्हणजे प्रजा, हे त्यांनीच तर समजावलं. सगळ्या वर्गाने तेच लिहिलंय, बाबा."

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच दुकानात आले. काकांनी मन घट्ट केलं. "सर, त्या पुस्तकात माझ्या हातून एक..."

"काका, उपकार झाले तुमचे!" सरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "वीस वर्षं शिकवतोय, पण दुसऱ्या सफरीतच वर्ष संपायचं. चौथीपर्यंत मी यंदा पहिल्यांदाच पोचलो. काय ताकदीचा लेखक!"

मग त्यांनी सुनेच्या पुस्तकावरून काढलेले झेरॉक्सचे चाळीस गठ्ठे टेबलावर रचले.

"पुढच्या वर्गासाठी बांधून द्या. आणि जरा सांभाळून हं, एक पान इकडचं तिकडे होता कामा नये."