आलेली आणि आणलेली

उद्धारताईंच्या पणजींनी शेजारणीच्या पिंजऱ्याचे दार उघडून तिचा पोपट मुक्त केला होता. पोपट त्याच दुपारी मांजराने नेला. पण पिंजरा रिकामा झाला, हे कोणीही नाकारलेले नाही. आजींनी एका नांदत्या सुनेला सासरच्या छळातून सोडवून माहेरी पोहोचवले. छळ होतो की नाही, हे सुनेला विचारायचे राहून गेले. ती आठ दिवस रडली आणि आजींनी ते आनंदाश्रू मानले. आईंनी समोरच्या घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात दाखल केले. तो स्वतःच्या घराची किल्ली मागत होता. त्यांनी त्याला लोकरीचे मोजे दिले. न विचारता दुसऱ्याचे भले करण्याचा असा वारसा ज्या घरात चालत आला, त्या घरातली लेक मानवी तस्करी प्रतिबंध व सुटका कार्यालयाची प्रमुख झाली नसती, तरच नवल होते.

कार्यालयाचा सारा कारभार नमुना क्रमांक नऊ या कागदावर चाले. त्यात स्त्रियांचे दोनच वर्ग होते: आलेली आणि आणलेली. जी आपणहून आली ती आलेली. तिला नमस्कार करून वाटेला लावायचे. जिला फसवून, विकून वा कोंडून आणले ती आणलेली. तिची सुटका करायची. फरक एका 'ण'चा होता, आणि तो ओळखणे पूर्वी फार जिकिरीचे असे. बाईला समोर बसवावे लागे, तिचे ऐकून घ्यावे लागे. ताईंनी परिपत्रक काढून हा त्रास मिटवला. 'ते काम' करणारी प्रत्येक बाई आणलेली. अन्य कोणतेही काम करणारी प्रत्येक बाई आलेली. 'ते काम' म्हणजे कोणते, हे परिपत्रकात लिहिलेले नव्हते. सभ्य माणसांना ते लिहावे लागत नाही.

एका मंगळवारी सकाळी एक त्रेचाळीस वर्षांची बाई एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात धरून कार्यालयात आली. बाई मागच्या गल्लीत राहून 'ते काम' करी. कायद्याची कलमे तिला तोंडपाठ असल्याने गल्ली तिला वकीलीणबाई म्हणे. मुलगी घाबरलेली होती आणि तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या.

"ताई, ही आणलेली आहे," वकीलीणबाई म्हणाली. "काल माझ्या जिन्याखाली लपून बसलेली सापडली. हिचं लिहून घ्या. हिला तिच्या आईकडे पोचवा."

"आधी तुमचं लिहू," उद्धारताई मायेने म्हणाल्या. "तुम्हाला कोणी आणलं?"

"मला? मी आलेय."

"कशी?"

"बसने. दहा वर्षं झाली. खिडकीची जागा मिळाली होती."

कारकुनाने मान वर न करता लिहिले: आणणाऱ्याचे नाव, बस. चालक फरार.

"अहो, लिहिताय काय? आधी मी गिरणीत होते, मग धुणीभांडी केली, मग हे धरलं. तिन्ही करून पाहिली आणि हे निवडलं. आवडतं असं म्हणत नाही मी, निवडलं म्हणते. यांना तरी ही नोकरी आवडते का, विचारा!"

कारकून छताकडे पाहू लागला.

उद्धारताईंच्या डोळ्यांत पाणी तरळले. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवले होते की, जी स्वतःला आणलेली म्हणते ती आणलेली, आणि जी नाही म्हणते ती फारच खोलवर आणलेली. इतक्या खोलवरचे प्रकरण त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

"बरं, माझं खड्ड्यात घाला," वकीलीणबाईने हात जोडले. "हिचं ऐका. बोल गं."

मुलगी खालमानेने बोलू लागली. "काकांनी शिवणकाम शिकवतो म्हणून कारखान्यात सोडलं. त्याबद्दल मालकाकडून काहीतरी घेतलं. माझे कागद मालकाकडे आहेत. दाराला बाहेरून कुलूप असतं. आईला फोन करू देत नाहीत. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत मशीनवर बसवतात. काल कापडाचे गठ्ठे उतरवताना दार उघडं राहिलं, तशी पळाले."

"पण काम कसलं, बाळ?" उद्धारताईंनी श्वास रोखून विचारले.

"शर्टाच्या कॉलरी शिवते."

"फक्त कॉलरी? ते काम नाही ना? नक्की?"

"नाही."

"सुटलो!" ताईंनी छातीवर हात ठेवला. "मग तू आलेली आहेस."

"मला आणलंय हो! काकांनी आणलं."

"काका म्हणजे घरचं माणूस. घरची माणसं आणत नाहीत बाळ, घेऊन येतात."

"आणि कुलूप?" वकीलीणबाई कडाडली.

"मुलींच्या सुरक्षिततेसाठी."

"कागद?"

"हरवू नयेत म्हणून. या वयात मुली किती धांदरट असतात!"

आलेल्या बाईला वाटेला लावणे हा नियमच होता, आणि ताई नियमाने वागणाऱ्या होत्या. त्यांनी कारखान्याच्या मालकाला फोन केला. मालक पंधरा मिनिटांत हजर झाले. सज्जन गृहस्थ; कार्यालयाचे पडदे त्यांनीच शिवून दिले होते. मुलगी वकीलीणबाईच्या दंडाला घट्ट चिकटली.

"मावशी, मला देऊ नका."

"कोण नेतं ते बघते!" वकीलीणबाई दार अडवून उभी राहिली. मालकाने मुलीचे मनगट धरले, तेव्हा वकीलीणबाईने त्याच्या हातावर असा फटका मारला की त्याचे घड्याळ निखळून पडले.

कारकुनाने नोंद केली: आघातामुळे आक्रमकता, तातडीने सुटका आवश्यक. दोन शिपायांनी वकीलीणबाईला धरले. मालकाने पोचपावतीवर सही केली: कामगार एक, सुस्थितीत परत मिळाली. मुलगी पुढच्या दाराने कारखान्यात गेली. वकीलीणबाई मागच्या दाराने सुटकागृहात. दोन्ही कामे जेवणाच्या सुट्टीआधी उरकल्याचे ताईंना मनापासून समाधान वाटले.

सुटकागृहाच्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि वकीलीणबाईचे कागद जपून ठेवण्यासाठी काढून घेण्यात आले. घरी जायचे म्हणून तिने अर्ज केला. अर्जावर शेरा आला: पालकांसह उपस्थित राहावे.

"माझे आईबाप वारले," तिने ताईंना सांगितले.

"अरेरे! मग तुम्ही अनाथही आहात," ताई म्हणाल्या, आणि नोंदीत तेवढी भर पडली.

तीन महिने तिने कागदी फुले केली. नंतर पुनर्वसन आले. पुनर्वसन म्हणजे सन्मानाचे काम. ते देणारा दाता शहरात एकच होता, आणि सुटका झालेल्या बायका तो आनंदाने घेई. त्यांची चौकशी करायला कोणी येत नसे. ताईंनी स्वतः वकीलीणबाईला गाडीत बसवले, तिचे कागद मालकाच्या हाती दिले आणि डोळे पुसले.

कॉलरीच्या रांगेत शेवटच्या मशीनवर ती मुलगी बसली होती. आणखी वाळली होती.

"मावशी! तुम्ही इथे? आलात की आणलं?"

"तीन महिने सांगत होते आलेय म्हणून. ऐकेनात. शेवटी आणूनच दाखवलं बघ त्यांनी." वकीलीणबाईने मशीनचा पट्टा चढवला. "लिहिता येतं का तुला?"

"येतं."

"मग अस्तराच्या चिंध्या गोळा कर. निरोप पाठवायला फोन कशाला लागतो? रोज दोनशे पाकिटं शिवतो की आपण."

त्या दिवसापासून कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरीत अस्तराच्या आत एक चिंधी जाऊ लागली. तिच्यावर ओळ असे: आम्हाला कोंडून आणलेले आहे, दार बाहेरून बंद आहे, कोणीतरी या. खाली कारखान्याचा पत्ता, गल्लीसकट. मुलगी रोज संध्याकाळी दाराकडे कान लावून बसे. कोणाला तरी सापडेलच, असे वकीलीणबाई तिला सांगे, आणि सुरुवातीला तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

सापडले. वार्षिक समारंभात मालकांनी ताईंच्या यजमानांना एक शर्ट भेट दिला. मान खाजते म्हणून यजमानांनी तो भिरकावला, तेव्हा ताईंनी कॉलर उसवली. चिंधी बाहेर आली. ताईंनी ती दोनदा वाचली. कॉलरी शिवणाऱ्या स्त्रीच्या हातून असे वाक्य लिहिले जाणे नमुना क्रमांक नऊनुसार शक्य नव्हते. तेव्हा ही लेखनातली चूक होती. त्यांनी लाल पेन घेतले, 'आणलेले' या शब्दातला 'ण' हळुवारपणे खोडला, चिंधी होती तिथे ठेवली आणि बारीक टाक्यांनी कॉलर शिवून टाकली. पणजींपासून त्यांच्या घरात टाका फार सुबक असे.

बाकीचे शर्ट दुकानांतून विकले गेले. शेकड्यांनी तक्रारी आल्या आणि त्या साऱ्यांचा आशय एकच होता: कॉलर टोचते. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून प्रत्येकाला शर्ट बदलून दिला. आत काय आहे म्हणून उसवून पाहणारे ग्राहक किती, हे मी मुद्दाम विचारले नाही. तुम्हालाही बदलून मिळाला होता. नवा चांगला मऊ आहे म्हणे.