पत्र्याची पेटी आणि एकची गाडी

वर्ग ताब्यात ठेवणं म्हणजे काही फार मोठं काम नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, गेल्या शुक्रवारी दुपारी एक वाजेपर्यंत होतं!

मी वैजनाथ. औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात दोन आठवड्यांपूर्वी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागलो. त्याआधी नव्या शिक्षकांसाठीचं वर्गनियंत्रणाचं तीन दिवसांचं शिबिर करून आलेलो. वहीत बावीस नियम, अंगात इस्त्रीचा शर्ट. पोरांची काय बिशाद!

पण माझा तास बाराचा, आणि एकला कॉलेजच्या फाटकासमोरून औंढ्यावरून सिद्धेश्वरकडं जाणारी एसटी. ती चुकली की पुढची थेट साडेपाचला. त्यामुळं साडेबारा झाले की सगळ्यांची दप्तरं मांडीवर, एक पाय बाकाबाहेर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. मी फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवलं, तरी एकाचीही नजर तिथून हलेना!

त्यातच प्राचार्य अमृतराव सरांनी बोलावून घेतलं.

“शुक्रवारी तुमच्या तासाला मागं येऊन बसतो. वर्ग हातात दिसला तर पुढच्या सत्रात तुमी. न्हाई दिसला तर दुसरा मानूस पाहावा लागंल.”

माझी झोप उडाली. तिकडं हिंगोलीत आईनं अख्ख्या गल्लीला ‘आमचा वैजू प्रोफेसर झाला’ म्हणून पेढे वाटून ठेवलेले!

मी वही उघडली. नियम सात: मोबाइल गोळा करावेत. नियम आठ: नियम स्वतःलाही लावावा. नियम अकरा: परवानगीशिवाय कुणी जागचं उठायचं नाही. आणि तेविसावा माझ्या सुपीक डोक्यातला: घड्याळ मागं सारायचं! पोरांना वाटणार अजून वेळ आहे, ती निवांत बसणार. मी मोबाइलवर खरी वेळ बघून बरोबर एकला दहा कमी असताना तास सोडणार. त्यांना गाडी मिळणार, मला सत्र.

शुक्रवारी सकाळी खुर्चीवर चढून काटा मागं फिरवतोय, तोच बाहेर पावलं वाजली. घाईत काटा किती फिरला, पंधरा मिनिटं की पंचवीस, देव जाणे.

बाराला पत्र्याची पेटी घेऊन मी दारात उभा. एकेकानं आवाज बंद करून मोबाइल आत टाकला.

“सर, घरून फोन आला तर?” प्रतीक्षानं विचारलं.

“तासभर काही बिघडत नाही!”

मग अमृतराव सर आले. मी पेटी त्यांच्याही पुढं धरली. सर हसले आणि त्यांनी मोबाइल टाकला! शेवटी मी माझा टाकला, कुलूप लावलं आणि चावी शिपाई कोंडीबाच्या हाती दिली.

“मी मागितली तरी तास संपेपर्यंत द्यायची नाही!”

“बराबर,” म्हणत कोंडीबा भाकरी खायला निघून गेला.

तासाच्या सुरुवातीला घड्याळाकडं कोण बघतं? वर्ग चिडीचूप. मी रंगात आलो. किती वाजले बघावं म्हणून खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. मोबाइल पेटीत! भिंतीवर साडेबारा. म्हणजे पाऊण, की एकला पाच कमी? आणि समजा सोडला वर्ग, तर सर म्हणणार, साडेबारालाच पोरं आवरेनात! घड्याळाचं खरं सांगितलं, तर आजच घरी. तोंडानं राज्यक्रांती चालू होती, पण कान फाटकाकडं.

तेवढ्यात फाटकावर भोंगा वाजला.

“सर, गाडी!”

“बसा! आत्ताशी साडेबारा वाजून पाच मिनिटं झालीत. दुसरी कुठली तरी असेल.”

पुन्हा भोंगा! मी फळ्याकडं तोंड केलं, तर मागं बाक करकरला. मी न वळताच ओरडलो, “परवानगीशिवाय उठायचं नाही म्हणून सांगितलं ना? खाली बसा!”

वळून बघतो तर अमृतराव सर! आणि ते चक्क खाली बसले! सरही रोज त्याच गाडीनं औंढ्याला जातात, हे मला आधी कोण सांगणार?

इतक्यात टेबलावरची पेटी थरथरायला लागली. घुर्रर्र! आतले सगळे मोबाइल एकदम जागे झालेले. आणि दारात एसटीचे वाहक बाबूसिंग, त्यांच्यामागं माझ्या वर्गातल्या आरोहीची आजी रुक्माबाई!

“काहून कोंडून ठेवले रे लेकरं?” आजी कडाडली. “गाडीत बसून मी फोन करून राहिले, समद्यांच्या घरी बी कळवलं, पन एक बी उचलंना!”

“सर, एक वाजून सात मिनिटं झाली,” बाबूसिंग मनगट पुढं करत म्हणाले. “रोजची तीस पोरं दिसंनात म्हून गाडी हुभी केली. येता, का जाऊ?”

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. बारा बेचाळीस.

“त्या घड्याळाचा सेल गेला असंल,” आजी म्हणाली.

“हो, हो! सेलच गेला!” मी म्हणालो. मेलं घड्याळ मात्र टिकटिक करत होतं!

अमृतराव सरांनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “चावी?”

“सर, कोंडीबाकडं. तो भाकरी खातोय.”

तिसरा भोंगा झाला. “मोबाइल उद्या घेऊ! चला!” म्हणत सर सगळ्यांच्या आधी दाराबाहेर! त्यांच्यामागं माझा अख्खा वर्ग.

कोंडीबा आला, पेटी उघडली, आणि मी एकेक फोन घ्यायला लागलो. “हो काकू, बसलं तुमचं लेकरू गाडीत. नाही काका, कुणाला कोंडलं नाही.” मग प्राचार्यांचाच मोबाइल वाजला. बाबूसिंगच्या फोनवरून खुद्द सर!

“वैजनाथ, तीस वर्षं झाली नोकरीला. मला वर्गात खाली बसवनारे तुमीच पयले!”

“सर, ते...”

“पुढचं सत्र तुमचं. पन तास सकाळी आठचा, अन् घड्याळाला हात लावायचा न्हाई!”

मी उडीच मारली! घड्याळाकडं पाहिलं, एकला पाच कमी. माझी हिंगोलीची गाडी दीडची. मग काय घाई? आईला फोन केला, उरलेल्या पालकांना समजावलं आणि सव्वाला मोबाइलची पेटी काखेत मारून डुलत डुलत फाटकावर गेलो.

“वर्गातल्या घड्याळात सव्वाच झाला, हिंगोलीची गाडी यायची असेल ना?” मी विचारलं.

“हिंगोलीची गाडी?” कोंडीबा म्हणाला. “गेली की आत्ता! सर, समद्या कालेजचे मोबाइल तुमच्यापाशी, अन् टाइम त्या भिंतीवरचा काहून पाहून राहिले?”