ब्रेक नसता तर

मुलीच्या परदेशातल्या घरमालकीणबाईंचं नाव निघालं की लिफ्ट-मेकॅनिकला हटकून काहीतरी काम आठवायचं. दर रविवारी मुलगी तिकडून फोन करायची. सगळ्यांची चौकशी झाली की म्हणायची, "बाबा, आजींशी बोला ना." मग पांढऱ्या केसांच्या त्या बाई पडद्यावर दिसायच्या आत हा फोन बायकोच्या हातात कोंबून पसार व्हायचा. बायको चारदा "थँक्यू" म्हणून वेळ मारून न्यायची.

मागच्या हिवाळ्यात मुलीला न्यूमोनिया झाला होता. ती तापात बरळत एकटी पडली होती. घरमालकीणबाईंनीच दार उघडून तिला पाहिलं, दवाखान्यात नेलं आणि ती उठून बसेपर्यंत उशाशी बसून राहिल्या. आईबापांना हे कळलं ते सगळं निस्तरल्यावर. तेव्हापासून मेकॅनिकला बाईंचे आभार मानायचे होते. पण पान्हा उचलून देणाऱ्यालाही आपण थँक्यू म्हणतो, तोच शब्द या बाईंपुढे कसा ठेवायचा, हे त्याला सुचत नव्हतं.

आता बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. "बाबा, उद्या त्या ॲडमिट होतायत," मुलगी म्हणाली. "या वयात काय सांगावं? आज संध्याकाळी मी फोन लावते. तुम्ही स्वतः बोलायचं. आईकडे दिलात तर मी फोन ठेवून देईन."

इंग्रजीची तयारी त्याने आठवडाभर आधीच सुरू केली होती. मेहुणी परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी करायची, त्यामुळे शिकवणी घरातच होती.

"भाऊजी, ते लोक थँक्यू तर उठताबसता म्हणतात. पण मनापासून सांगायचं असेल ना, तर तुम्ही नसता तर आत्ता या घडीला माझं काय चाललं असतं, ते सांगतात. परवा एका आजोबांचं मशीन मी फोनवरून चालू करून दिलं. तर म्हणाले, 'तू नसतीस तर आय वुड बी किकिंग इट नाऊ.'"

"म्हणजे लाथा घालत बसलो असतो."

"हो. फक्त आपल्याकडे सगळं बसून असतं. रडत बसलो असतो, वाट बघत बसलो असतो, लाथासुद्धा बसूनच. ते लोक उभ्यानेही करतात. म्हणा आता. इफ यू वेअर नॉट देअर, माय डॉटर वुड बी..."

"इफ यू वेअर नॉट देअर, माय डॉटर वुड बी..."

मेकॅनिक थांबला. उठून पाणी पिऊन आला. पुन्हा तिथपर्यंत पोचला आणि पुन्हा थांबला.

"अहो, वाक्य पुरं करा की!"

"पुढचं जिभेवर येत नाही गं."

मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं, राहू दे. आधी दुसऱ्या कशावर तरी सराव करा. तुमच्या कामातलंच काहीतरी घ्या."

हा सल्ला मेकॅनिकला फार पटला. लिफ्टमधले निम्मे भाग एरवी काहीच करत नाहीत. ते नसते तर काय झालं असतं, एवढ्यासाठीच ते तिथे असतात. उदाहरणांना तोटा नव्हता.

फोनच्या दिवशी दुपारी तो आणि त्याचा साडू एका सात मजली इमारतीत लिफ्ट तपासायला गेले. साडू म्हणजे या मेहुणीचा नवरा. दोघं जोडीने काम करत. साडू गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मेन स्विचपाशी बसायचा आणि मेकॅनिक लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करायचा. दोघांचा एक नियम होता. टपावरच्या माणसाने सतत बोलत राहायचं. आवाज बंद झाला की वरच्याने काही न विचारता स्विच पाडायचा आणि खालच्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. इतक्या वर्षांत बोलून बोलून विषय संपले होते. हल्ली मेकॅनिक वर्तमानपत्रातलं भविष्य म्हणून दाखवायचा.

आज वॉकीटॉकी मुके निघाले. साडूने ते चार्जिंगला लावले होते, पण प्लगचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"तुझ्यासारखा साडू वैऱ्यालाही मिळू नये," मेकॅनिक म्हणाला. त्याने लिफ्टमधल्या इंटरकॉमचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, टपाचं झाकण उघडं ठेवलं आणि वर चढला. आवाज मशीनरूममध्ये पोचत होता. तो तळमजल्यावर वॉचमनच्या टेबलावरही पोचतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वॉचमनला कमी ऐकू येत असल्याने तिथला स्पीकर पूर्ण मोठा केलेला होता.

त्या स्पीकरपाशी लिफ्ट सुरू व्हायची वाट बघत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"इफ धिस ब्रेक वेअर नॉट देअर," स्पीकर गरजला, "वी वुड बी फॉलिंग नाऊ!"

"काय म्हणतोय?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाईंचं इंग्रजी पक्कं होतं. "हा ब्रेक नसता तर आपण आत्ता खाली पडत असतो, असं म्हणतोय."

"म्हणजे ब्रेक आहे ना?"

"आहे."

"मग सांगतोय कशाला?"

बाईंनी विचार केला. "तेही खरंच. आमचे जावई एकदा म्हणाले होते, 'मी प्यायलो असतो तर असा सरळ चाललो असतो का?' तेव्हा ते प्यायलेलेच होते."

"इफ द रोप वेअर वीक," स्पीकर उत्साहाने म्हणाला, "ऑल पीपल वुड बी लाइंग इन द पिट!"

"दोर कच्चा असता तर सगळे खड्ड्यात पडलेले असते."

"आता दोरही!" सेक्रेटरी जिन्याकडे धावले. वाटेत प्रत्येक मजल्यावर त्यांनी ही बातमी दिली. बातमी अगदी शब्दशः खरी होती. ब्रेक शाबूत आहे, दोर शाबूत आहे, असंच ते सांगत होते. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पांढरं पडत होतं आणि जो तो चपला अडकवून त्यांच्यामागे जिना चढत होता.

अख्खी सोसायटी मशीनरूममध्ये घुसली तेव्हा मेकॅनिकचं काम संपलं होतं. तो टपावरून आत उतरला होता आणि लिफ्ट चालवून बघत वर येत होता.

"बंद करा ही लिफ्ट!"

"दोर तुटतोय म्हणे!"

"कोण म्हणालं?" साडू ओरडला.

"तुमचाच माणूस! इंग्रजीत!"

"अहो, हळू बोला, मला त्याचा आवाज येत नाहीये!" आणि हे वाक्य तोंडातून निघताच साडूला नियम आठवला. आवाज येत नाही. त्याने स्विच पाडला.

सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबली. ब्रेक उत्तम लागला.

"आता कुणी हूं की चूं करायचं नाही," साडूने दम दिला. "तो बोललेला मला ऐकू आल्याशिवाय स्विच लावता येत नाही."

सगळे चिडीचूप झाले. बॅटरीवर चालणारा इंटरकॉम खरखरला. त्यातून आली ती फोनची घंटा.

लिफ्टमध्ये मेकॅनिकने फोन बघितला. मुलगी घड्याळाकडे न बघता लवकर फोन करणारी होती, हे त्याला ठाऊक होतं. पण आज हातात कोंबायला बायको नव्हती आणि पसार व्हायला दारही नव्हतं. त्याने फोन घेतला. पडद्यावर पांढरे केस दिसले आणि त्यांच्यामागे मुलीचा अर्धा चेहरा. चांगला भरलेला, लालबुंद गाल.

"इफ यू वेअर नॉट देअर," तो म्हणाला, "माय डॉटर वुड बी..."

तिथेच त्याचा आवाज थांबला. मशीनरूममध्ये साडूने, सवयीने, पडलेल्या स्विचवर हात घट्ट दाबून धरला.

"येस," तिकडच्या बाई हळूच म्हणाल्या. "येस. आय नो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या, "इफ युअर डॉटर वेअर नॉट हिअर, आय वुड बी टॉकिंग टू माय केटल."

मेकॅनिकला ते एका फटक्यात कळलं. तुमची मुलगी इथे नसती, तर मी किटलीशी बोलत बसले असते. आठवडाभराच्या सरावाचं चीज झालं. पण बाई थांबल्या नाहीत. उद्या दवाखान्यात तीच माझ्या उशाशी बसणार आहे, अशी मुलगी वाढवलीत, थँक्यू, असं त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट बघत राहिल्या.

आभार कसे मानायचे ते तो शिकला होता. उलटून आले तर काय करायचं, हे मेहुणीने शिकवलंच नव्हतं.

"अहो मेकॅनिक," लिफ्टच्या पोकळीतून, वरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा आवाज आला, "यू आर वेलकम म्हणा!"

"यू आर वेलकम!" सेक्रेटरी ओरडले. "म्हणा हो!" त्यांच्यामागून अख्खी सोसायटी ओरडली.

"यू आर वेलकम," मेकॅनिक म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

तिकडच्या बाई हसायला लागल्या. एवढं कोण ओरडतंय, असं त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने वर पाहिलं. मग कुणी न शिकवलेलं, जन्मातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य त्याने पूर्णविरामापर्यंत नेलं. "इफ दे वेअर नॉट देअर, आय वुड बी सिटिंग ॲट होम नाऊ."

वर सगळ्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे पाहिलं.

"आपल्याबद्दल बोलतोय ना? काय म्हणाला?" सेक्रेटरींनी विचारलं.

बाईंनी पदराने कपाळावरचा घाम टिपला.

"आपले आभार मानतोय," त्या म्हणाल्या. "लावा हो स्विच."