सोनवणे काकांचं इन्स्पेक्शन

सोनवणे काका रोज सकाळी दाढीच्या आधी स्वतःचं चित्र काढायचे. खिडकीच्या गजाला आरसा, शाळेतल्या मुलांची रंगपेटी आणि जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. चित्र झालं की हात लांब करून बघायचे. "नाक दोन सूत जास्त. रिजेक्ट!"

सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. अंबडच्या कारखान्यात काकांनी आयुष्यभर तयार पार्ट तपासले. निवृत्तीनंतर ते गवारही "लॉट बरोबर नाही" म्हणून परत करत. आई म्हणायची, "काकू गेल्या आणि हे चित्रांचं सुरू झालं."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा कॉलेजात होते. कुणी बोललं की माझी मान खाली जायची.

काका म्हणायचे, "कॉन्व्हेंट मॅडम, माझ्या चपला आवडल्या वाटतं? रोज त्यांच्याशीच बोलता."

एकदा धीर करून विचारलं, "काका, रोज तोच चेहरा का?"

"तोच कुठे? कालचा माणूस चिडका होता. आजचा बरा आहे. आणि ब्रश हातात असला की डोक्यातली भुणभुण थांबते बघ. चहा गार होतो, तेवढंच."

मग काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं व्हायचं होतं. आईने उपमा देऊन पाठवलं, तर काका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आरशासमोर बसलेले. कागद कोरा.

"सगळा धुरळा दिसतोय गं. तू बघून सांग, मी काढतो."

मी चपलांकडे बघितलं.

"इंग्लिशमध्ये सांग, चालेल."

मी मान वर केली. इतका वेळ कुणाच्या चेहऱ्याकडे मी कधीच बघितलं नव्हतं.

"दाढी पांढरी आहे. ओठ सुकलेत. कपाळाला आठी आहे." शब्द जुळवत मी थांबले. "रात्री झोपला नाहीत तुम्ही."

ब्रश थांबला.

"ही असंच सांगायची," काका म्हणाले. "शिफ्टला निघताना दारात उभं करायची. तोंड नीट बघितल्याशिवाय सोडायची नाही. आता बघायला कोण आहे? म्हणून मीच बघतो." ब्रश पुन्हा रंगात बुडवत म्हणाले, "अजून काय दिसतंय?"

मी सांगत राहिले, ते काढत राहिले. उपमा गार झाला. शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"नाक?"

नाक पार कानापाशी गेलं होतं.

"पास," मी म्हणाले.